३९ फुटाला निघायचं

जिनिव्हा, २ जून

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं, "तुझ्या मागं भिंतीवर ती कुणाची आजी?" मी तोंड उघडायच्या आत फोन पंख्याकडे वळला आणि मग आईकडे गेला. आई, तू कैऱ्या किती महागल्या ते सांगितलंस, आणि ती आजी तशीच राहिली. म्हणून हे पत्र. सांगलीची एक मैत्रीण शुक्रवारी गावी निघालीय, तिच्या हाती देतेय. फोनवर बाबा मला वाक्य पुरं करू देत नाहीत. कागदाला मध्येच "बरं बरं, ठेवू का?" म्हणता येत नाही.

ती आजी म्हणजे सादाको ओगाता, जपानच्या. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठी जी कचेरी आहे, तिच्या पहिल्या बाई प्रमुख. १९९१ पासून २००० पर्यंत त्या खुर्चीवर होत्या. त्यांच्या आधी सातजण झाले, सगळे पुरुष. फोटो बोस्नियातल्या सारायेव्होचा आहे, तिथं युद्ध चालू असतानाचा. अंगात ते जाडजूड बुलेटप्रूफ जाकीट आहे, म्हणून तुम्हाला स्वेटर घातलेली आजी वाटली असेल. उंची पाच फुटांच्या आतच, म्हणजे आई, तुझ्याएवढी. मी त्यांना कधी भेटले नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात त्या गेल्या, त्या आठवड्यात हा फोटो मी छापून लावला. त्या वर्षी माझ्या डोक्यात दुसरंही काही चाललं होतं, त्यावर येतेच.

आधी बाई कोण ते सांगते, कारण बाबांना माणसाचं घराणं कळल्याशिवाय पुढं ऐकू येत नाही. पणजोबा इनुकाई त्सुयोशी हे जपानचे पंतप्रधान. लष्कराच्या मंचुरियातल्या, म्हणजे चीनच्या ईशान्येकडच्या, उद्योगांना ते आवर घालू बघत होते. १९३२ च्या मे महिन्यात नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी त्यांच्या निवासस्थानी शिरून त्यांना गोळ्या घातल्या. सादाको तेव्हा चार वर्षांची. वडील परराष्ट्र खात्यात, त्यामुळे लहानपण अमेरिका, चीन, हाँगकाँग असं फिरतीवर गेलं. मोठेपणी पीएचडीला विषय कुठला घेतला, तर जपानने मंचुरियात पाऊल टाकलं तेव्हा निर्णय नेमके कोण आणि कसे घेत होतं हा. घरातल्या खुनामागचे कागद तपासायचे आणि तेही शांतपणे, तळटीपा देऊन. मला या बाईबद्दल पहिल्यांदा आदर वाटला तो इथं. पुढचं सगळं नंतर.

नोकरी कॉलेजात शिकवण्याची. १९६८ साली फुसाए इचिकावा, जपानी बायकांच्या मताधिकारासाठी आयुष्य घातलेली बाई, यांनी गळ घातली म्हणून त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला जपानच्या प्रतिनिधी मंडळातून गेल्या. १९७९ मध्ये कंबोडियातून थायलंडच्या सीमेवर आलेल्या लोकांसाठी जपानने पथक पाठवलं, त्याच्या त्या प्रमुख होत्या. आणि निर्वासितांची ही मोठी कचेरी हातात आली तेव्हा वय ६३. बाबा, तुम्ही ५८ ला एसटीतून निवृत्त झालात आणि वर्षभर "आता आपलं काय उरलंय" म्हणत स्टँडवर चहाला जात होतात, आठवतंय ना?

खुर्चीवर बसून दोन महिने होतात न होतात तोवर इराकमधले कुर्द पळाले. सद्दामच्या फौजा मागं लागलेल्या. दहा लाखांहून जास्त माणसं इराणकडे गेली, इराणने घेतली. चारेक लाख तुर्कस्तानच्या सीमेवरच्या डोंगरांत पोचली आणि तुर्कस्तानने दार लावून घेतलं. एप्रिलचा महिना, डोंगरावर बर्फ, पोरंबाळं उघड्यावर. आता इथं कायद्याची गंमत बघा. १९५१ चा जो निर्वासितांचा करार आहे, त्यात निर्वासित कोण? जो आपल्या देशाच्या बाहेर पडलाय तो. हे लोक सीमेच्या अलीकडे अडकलेले, म्हणजे कागदावर निर्वासितच नव्हेत. कचेरीतच दोन तट पडले. कायद्याची माणसं म्हणत होती, तुर्कस्तानला दार उघडायला लावा, इराकच्या आत जाऊन मदत केली तर उद्या प्रत्येक देश दार लावून म्हणेल, तिकडंच सांभाळा त्यांना. हे म्हणणं खोटं नव्हतं, अजूनही नाही. पण ओगाताबाईंनी आत जायचं ठरवलं. माणसं आज मरतायत, तत्त्वाचं उद्या बघू, असा साधा हिशेब. त्या निर्णयानंतर आमचा हा मदतकामाचा सगळा धंदाच बदलला. आपल्याच देशात बेघर झालेल्यांसाठी आज जे काम चालतं, त्यातलं बरंचसं त्या एप्रिलपासून धरावं लागतं.

बाबा आता म्हणणार, हे सगळं तिकडचं, आपला काय संबंध. आपला संबंध आपल्या आजीला विचारायला हवा होता. तिचं माहेर कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४३ पासून पाचेक वर्षं तिथं पोलंडच्या लोकांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. स्टालिनने १९४० मध्ये त्यांना उचलून सायबेरियाकडे नेलं होतं. सुटका झाल्यावर ती इराणमार्गे फिरत फिरत पंचगंगेच्या काठी आली. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळं त्यांनी इथं उभं केलं. आजी सांगायची, त्या बायकांना मराठीचा गंध नव्हता पण भाव पाडता यायचे. त्या छावणीमागे राबणारी बाईसुद्धा मोठी होती, किरा बनासिन्स्का. मुंबईतल्या पोलिश वाणिज्यदूताची बायको, पोलिश रेड क्रॉसचं काम बघायची. युद्धानंतर तिच्या देशात राज्य बदललं आणि ती इथंच राहिली. शंभरी पार करून २००२ मध्ये हैदराबादला गेली. म्हणजे बघा, जिनिव्हातली ती कचेरी १९५१ मध्ये कामाला लागली, त्याआधीच वळिवड्याची छावणी उठलीसुद्धा होती. आणि पोलंडचे लोक गेल्यावर त्याच जागेत कोण आलं? फाळणीतले सिंधी. त्याचंच गांधीनगर झालं. माझ्या लग्नाचा सगळा बस्ता तुम्ही तिथूनच बांधलात आणि दुकानदाराशी भावावरून तासभर घातलात. तो माणूस छावणीतल्या पोराचा पोरगा असणार, हे तेव्हा आपल्या कुणाच्या मनात आलं नाही.

आता २०१९. ऑगस्टमध्ये इथं माझ्या टेबलावर ताडपत्र्यांची ऑर्डर होती, चार बाय पाच मीटरची एक, असल्या हजारोंची. तिकडं राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि मी फोन केला. बाबा म्हणाले, "मच्छिंद्री झाली काय बघून येतो." म्हणजे पुराचं पाणी पुलाच्या त्या जुन्या खुणेला टेकलं का ते, आणि गाडी काढून शिवाजी पुलावर! कोल्हापूरकरांना पूर हा उरूस वाटतो, त्याला मी काय करू? दुसऱ्या दिवशी जयंती नाल्याचं पाणी उलटं फिरून गल्लीत आलं. तेव्हा तुमचं वाक्य होतं, "२००५ ला उंबऱ्याला लागून गेलं. यंदा पण जाईल." मग दोन दिवस फोन लागला नाही. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीकडचा हायवे पाण्याखाली. मला तिसऱ्या दिवशी कळलं की पोरांनी तुम्हाला खिडकीतून होडीत घेतलं आणि आईच्या बीपीच्या गोळ्या कपाटातच राहिल्या. राजारामपुरीत मावशीच्या हॉलमध्ये अकरा जण. आमच्या नियमाला माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर लागतं आणि रोज १५ लिटर पाणी. मी तो हॉल मनातल्या मनात मोजला. माणशी दोन मीटरसुद्धा भरेना. त्या आठवड्यात तुम्ही दोघं म्हणजे ओगाताबाईंचे डोंगरातले कुर्द होतात: घर सुटलेलं, सीमा कुठलीच ओलांडलेली नाही, कुठल्या करारात नाव नाही. २०२१ च्या पुरात एक दिवस आधी निघालात, पण ते शेजारच्यांनी ओढून नेलं म्हणून. हे मला आईने सांगितलं. आई, सॉरी, पण लिहून मोकळी होते.

बाबा, तुम्हाला घर सोडणं म्हणजे हरणं वाटतं, हे मला कळतं. म्हणून बोस्नियाचं सांगते. तिथं एका जमातीच्या लोकांना गावातून हुसकावून लावणं हाच युद्धाचा हेतू होता. ओगाताबाईंच्या माणसांपुढं रोज हाच प्रश्न: ट्रक लावून लोकांना बाहेर काढलं तर हुसकावणाऱ्यांचंच काम आपण फुकटात करून दिलं, नाही काढलं तर ते रात्रीत मारले जाणार. धान्याचे ताफे तर नाक्यानाक्यावर अडवत. तुम्ही वाहतूक नियंत्रक होतात, विचार करा, स्टँडवरून गाडी सोडायला परवाना घ्यायचा आणि कागलपर्यंत सात ठिकाणी सात बंदूकवाले तो पुन्हा तपासणार. सारायेव्होला जुलै १९९२ पासून जानेवारी १९९६ पर्यंत विमानाने अन्न पुरवावं लागलं. फेब्रुवारी १९९३ मध्ये तर बाईंनी वैतागून बरंचसं काम थांबवूनच टाकलं. एक बाजू ताफे अडवत होती, दुसरी निषेध म्हणून मदत नाकारत होती, आणि दोघांचं राजकारण हिच्या पिठाच्या पोत्यांवर. न्यूयॉर्कहून संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी तो निर्णय थोड्याच दिवसांत फिरवला. इथं आम्ही अजून त्यावरून जेवणाच्या सुट्टीत भांडतो. माझं मत, बाईंचं बरोबर होतं. त्या गप्प बसल्या असत्या तर तो खेळ कुणाच्या नजरेतही आला नसता.

गोमाबद्दल मात्र मला एवढं छातीठोक बोलता येत नाही. १९९४ च्या जुलैत रवांडातून काही दिवसांत आठ-दहा लाख माणसं झाईरमध्ये, म्हणजे आताच्या काँगोत, गोमा शहराच्या बाजूला शिरली. कॉलऱ्याने हजारोंनी मेली. आणि त्यांच्यातच, त्याच तंबूंत, रवांडात कत्तल करून आलेले लोकही होते, हत्यारांसकट. बाईंनी पहाऱ्यासाठी जगाकडे सैन्य मागितलं, कुणी दिलं नाही. मग झाईरच्याच सैनिकांना पैसे देऊन त्यांनी पहारा बसवला. काही संस्था "खुन्यांना खायला घालणार नाही" म्हणून निघून गेल्या. ही बाई राहिली, कारण त्याच तंबूंत पोरंही होती. तिच्या जागी मी असते तर? बरं, ते जाऊ दे.

मला म्हणायचंय ते एवढंच की असली कोडी तुमच्यापुढं नाहीत, बाबा. पंचगंगेला आपली जागा नकोय. ती आठ दिवसांत गाळ टाकून परत जाते. तुम्ही बाहेर पडलात म्हणून कुणी घराचा ताबा घेणार नाही, कुणाचा डाव साधणार नाही. तेव्हा यंदापासून असं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट ही इशारा पातळी. रेडिओवर, पेपरात, गल्लीतल्या ग्रुपवर, कुठंही ३९ ऐकलं की त्याच दिवशी, उजेडात, मावशीकडे. ४३ म्हणजे धोका पातळी, तिची वाट बघायची नाही. मावशीशी मी बोललेय. ती म्हणाली, "भाऊजींना म्हणावं, पत्ते घेऊन या."

आई, हे तुझ्याकडे: घराचे कागद, पेन्शनचं पुस्तक आणि माझा दहावीचा तो फोटो (हो, तोच, हसू नको) एका प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, माळ्यावर नको, तुझ्या पर्समध्ये. गोळ्या पंधरा दिवसांच्या. गॅसची रिकामी टाकी बांधून ठेवा, मागच्या वेळी ती तरंगत शेजारच्यांच्या जिन्यात गेली आणि परत आणायला बाबांना महिना लागला. देव्हारा पोटमाळ्यावर घ्यायला गल्लीतल्या पोरांना आधीच सांगून ठेव, बाबांनी शिडीवर चढायचं नाही.

मैत्रिणीबरोबर चॉकलेट पाठवलंय. बाबांची शुगर बघता ते तुझ्याकडे राहू दे. ती २० तारखेला परत निघेल, तिच्या हाती कांदा-लसूण मसाला दे, अर्धा किलो पुरे. डबा नको, दोन पिशव्यांत घट्ट बांध, गेल्या वेळी तिची सगळी बॅग वास मारत होती. पत्र पोचलं की मिस्ड कॉल द्या.

तुमची,
लेक