मंगलाजोडीच्या नावाडीदादांना अनावृत पत्र

दादा, सप्रेम नमस्कार.

निघताना तुमचे आभार मानायला लागले, तर तुम्ही "इसमें क्या है मैडम" म्हणून विषयच बदललात. म्हणून आता लिहूनच काढतेय. पत्र मराठीत आहे, तुम्हाला फोनवर हिंदीत वाचून दाखवीन. पण आधी ते आमच्या इथल्या माणसांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं. थंडी पडली की पुण्या-मुंबईचे कितीतरी लोक लांबलचक लेन्सा घेऊन ओडिशातल्या चिलिका सरोवराच्या वाटेला लागतात. त्यांना तुमच्यासारखी माणसं ठाऊक असायला हवीत. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझे यजमान पक्ष्यांचे फोटो काढतात. उजनीच्या फुगवट्याचं पाणी, भिगवण, कुंभारगाव, डिकसळ हे त्यांचं हिवाळ्यातलं दुसरं घर. पट्टकादंब हंस आले की नाही हे आमच्याकडे दिवाळीच्या फराळाइतकंच महत्त्वाचं असायचं. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. चालणं काठीच्या आधाराने परत आलं, बोलणं परत आलं, डावा हात मात्र आला नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, उजवा हात शाबूत आहे ना, बटण तर उजव्याच हाताने दाबायचं असतं! पण लेन्सचं सगळं वजन डाव्या तळहातावर असतं. तो हात नसेल तर कॅमेरा डोळ्याशी धरताच येत नाही. ह्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. तक्रार केली असती तर मला सोपं गेलं असतं.

मंगलाजोडीला जायचं हे त्यांचं फार जुनं मनात होतं. चिलिका म्हणजे भारतातल्या पहिल्या रामसर स्थळांपैकी (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांपैकी) एक, 1981 सालचं. आपल्या महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, नांदूर मध्यमेश्वर, जाहीर व्हायला 2020 उजाडलं. चिलिकाचं पाणी समुद्राच्या बाजूला खारट, पण उत्तरेकडून दया, भार्गवी या महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी येऊन मिळतं, आणि तिकडच्याच काठाला मंगलाजोडीची दलदल आहे. उंच नळगवत, त्यातून काढलेल्या अरुंद पाणवाटा, आणि बांबूने रेटत न्यायच्या बसक्या नावा. इंजिनाचा आवाज नाही, आणि नाव इतकी खाली की पक्षी डोळ्यांच्या पातळीवर येतो. ह्यांचं म्हणणं असायचं की पक्ष्याचा फोटो वरून काढला की तो नुसता नोंदीपुरता होतो, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून काढला तरच तो फोटो.

मी चौकशी सुरू केली आणि काय काय ऐकून घेतलं! एका टूरवाल्याने मार्चअखेरची तारीख दिली. तेव्हा स्थलांतरित पक्षी बरेचसे परतीला लागलेले असतात, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "थोडे कमी असतील, पण रेटही कमी आहे ना." नावेत बसायची सोय कशी आहे हे प्रत्येक फोनवर विचारलं आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर, "सगळं होऊन जाईल, काळजी करू नका." ॲडव्हान्स मात्र लगेच हवा होता. दुसऱ्या ठिकाणी ऐकवलं की अशा पेशंटमुळे बाकीच्या ग्रुपचा वेळ जातो. फोन स्पीकरवर होता. हे शेजारीच बसले होते. आणि एकाने तर मोठ्या उत्साहाने सांगितलं, उडते थवे हवे असतील तर आमचा माणूस टाळ्या वाजवून उडवून देतो, हमखास शॉट मिळतो! हजारो मैल उडून आलेला जीव चार दाणे टिपायला टेकतो आणि त्याला कुणाच्या तरी चौकटीसाठी उठवायचं. ते ऐकून ह्यांनीच हाताने खूण केली, ठेव फोन.

तुमचा नंबर मला भिगवणला ओळख झालेल्या एका मुलीने दिला. दादा, तुमच्या पहिल्या फोनवर मला 'नाही'च जास्त ऐकायला मिळाले. मार्चमध्ये येऊ नका, जानेवारीत या. मोठ्या ग्रुपबरोबर येऊ नका, एका नावेत तुम्ही दोघंच बसा. पक्षी उडवणार नाही, तशी अपेक्षा असेल तर दुसरा नावाडी बघा. भाईसाहेबांना नावेत बसवता येईल की नाही, ते आत्ता सांगत नाही, बघून सांगतो. सगळीकडून 'हो, हो' ऐकून कान किटले होते. तुमच्या त्या 'नाही'ने मला किती धीर आला म्हणून सांगू!

आणि मग संध्याकाळी तुमचे फोटो आले. मला तुमचे आभार मानायचे आहेत ते मुख्यतः याच्यासाठी.

पहिल्या फोटोत तुमच्या नावेतली बसायची फळी होती आणि तिच्यापासून वर, नावेच्या कडेला लावून धरलेला तुमचा पंजा, पूर्ण ताणलेला. नखांत चिखल. करंगळी संपते तिथे लाकडावर खडूची रेघ. दुसऱ्या फोटोत त्या रेघेपासून पुन्हा पंजा. तिसऱ्यात नुसती चार बोटं आडवी, आणि ती कडेला टेकलेली. शेजारी पाण्याची लिटरची बाटली उभी करून ठेवलेली. खाली तुमचा निरोप, "दो बित्ता, चार उंगली। मेरा हाथ छोटा है, इसलिए बोतल भी रखा है। भाईसाहब को घर में उतना नीचे बैठाकर देखिए।"

ते फोटो मी किती वेळ बघत बसले होते. इतक्या जणांना इतके फोन केले, पण माझा नवरा किती उंचीवर बसतो, त्याच्या डोळ्यासमोर नावेची कड कुठे येते, हा प्रश्न कुणाच्या मनातच आला नव्हता. तुम्ही अजून आमच्याकडून एक पैसा घेतला नव्हता. आम्हाला पाहिलंही नव्हतं. दिवसभर नाव रेटून आल्यावर अंधार पडायच्या आत परत पाण्यावर गेलात, आणि ज्याचा चेहरा माहीत नाही अशा माणसासाठी वितीने नाव मोजलीत.

मग आमच्या घरात काय धांदल! ह्यांना पाटावर बसवलं. समोर खोकी रचून, वर पुस्तकं ठेवून तुमच्या दोन विती चार बोटांची कड तयार केली. जुन्या जीन्सच्या पायाची मी पिशवी शिवली, एका टोकाला नाडी. तिच्यात तांदूळ भरून लेन्स वर टेकवली की डाव्या हाताचं काम पिशवी करते. कड जरा खाली पडत होती, मान वाकत होती. तुम्हाला कळवलं. तुम्ही म्हणालात, आडवी फळी टाकतो, तिला गोणपाट गुंडाळतो, पिशवी रिकामीच आणा, तांदूळ आमच्या घरातून भरू. गॅलरीच्या कठड्यावरच्या पारव्यांवर ह्यांचा सराव सुरू झाला. कपाटातून कॅमेरा त्यांनी स्वतः काढला होता, मला न सांगता.

प्रवासाचं काही सांगत बसत नाही. कोणार्क एक्सप्रेस भिगवणवरूनच जाते, ते स्टेशन जाताना हे खिडकीला चिकटून होते. पण उतरायचं कुठे तेही तुम्ही गाडी किती वेळ थांबते ते बघून ठरवलंत, नुसतं अंतर बघून नाही. आणि सूर्य तुमच्याकडे आमच्यापेक्षा पाऊण तास आधी उगवतो, तेव्हा पुण्याच्या सवयीने उठाल तर चांगला उजेड निघून गेलेला असेल, हेही आठवणीने बजावलंत.

त्या सकाळी तुम्ही ह्यांना नावेत घेतलंत ते काखेत हात घालून, ओझं उचलतात तसं नव्हे. आधी स्वतः नावेत उभे राहिलात, खांदा पुढे केलात आणि त्यांना धरू दिलंत. पक्षी उजव्या अंगाला येतील अशी नाव वळवत राहिलात. शेकाटे, थापटे, जांभळ्या पाणकोंबड्या यांच्यामधून जाताना हे काही बोलत नव्हते. मग चिखलाच्या पट्टीवर लांब चोचीचे गॉडविट पक्षी दिसले, शेकड्यांनी. चोच डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसायची, बाहेर काढायची, पुन्हा खुपसायची. ह्यांनी विचारलं, अजून थोडं पुढे जायचं का? तुम्ही मान हलवलीत, "खा रहे हैं। रुकते हैं।" बांबू खोल चिखलात रोवलात आणि नाव डुलू नये म्हणून दोन्ही हातांनी तो आवळून धरून उभे राहिलात. तुमच्या दंडाच्या शिरा मला दिसत होत्या. थवा चरत चरत आपल्याच बाजूला सरकत आला, इतका की शेवटी लेन्समध्ये मावेना. ह्यांच्या कॅमेऱ्याचा खटखट आवाज मी किती काळाने ऐकत होते.

परतताना तुम्ही स्वतःहून सांगितलंत की तुमचे बाबा हेच पक्षी मारायचे. गावातली कितीतरी घरं मारायची, बंदुकीने, भातात विष कालवून, आणि बाजारात विकायची. 2000 सालच्या सुमाराला श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली आणि तेच शिकारी राखणदार झाले. कुठल्या पट्टीवर कुठला पक्षी कधी उतरतो, किती जवळ गेलं की तो मान वर करतो, हे सगळं ज्ञान आधीचंच होतं, ते तुम्ही राखणीला लावलंत. हे पत्रात लिहू का विचारलं तर म्हणालात, "लिखिए, सच है।" पोट भरायचा धंदा सोडून देणं किती अवघड असतं हे महिन्याला पगार घेणाऱ्या आम्हा माणसांना कळणारच नाही. माझ्या मनात तुमच्या बाबांबद्दलही आदर आहे.

चांगुलपणाबद्दल आपण फार मोठं मोठं बोलतो, दादा. दानधर्म, सेवा, त्याग. मला आता वाटतं की समोरच्याला नेमकं काय अडतंय हे विचारणं आणि उत्तर मिळेपर्यंत 'होऊन जाईल' न म्हणणं, एवढं जरी प्रत्येकाने केलं तरी आजारी माणसाच्या घरातलं निम्मं ओझं उतरेल. दवाखान्यात, बँकेत, रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळीकडे मी ह्यांच्यासोबत फिरते. विचारणारी माणसं भेटतातच. पण ती फार थोडी असतात आणि त्यांना पुरेसं कुणी सांगत नाही की तुम्ही काय केलंत. म्हणून सांगतेय.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. पिशवीतले तांदूळ परत करायला गेले तर त्यांनी घेतले नाहीत, वर मुठीने अजून घातले.

दोन कामं आहेत. गॉडविटच्या फोटोचे दोन मोठे प्रिंट करून घेतलेत, एक तुमच्या घरासाठी, एक समितीसाठी. पाठवायचा पत्ता नीट लिहून कळवा, फोनवर मला गावाचं पोस्ट नीट कळलं नाही. आणि कुंभारगावचा आमचा ओळखीचा नावाडी तुम्हाला फोन करणार आहे. तुमचे ते तीन फोटो मी त्याला दाखवले. त्याला त्याच्या नावेत तशी फळी बसवून घ्यायची आहे आणि ती कडेला कशी अडकवलीत ते विचारायचंय. मुलगा लाजरा आहे, त्याला सावकाश समजावून सांगा.

तुमची बहीण,
पुणे