डंकनला बाहेर का बसवलं, हे आधी विचारा

महोदय,

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर एका वाचकाचं पत्र होतं. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्सचे माजी प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांचं भरभरून कौतुक करून शेवटी त्या वाचकाने लिहिलं आहे की, मायामी हीटविरुद्धच्या २०१३ च्या अंतिम मालिकेत उंच खेळाडू टिम डंकनला ऐनवेळी बाकावर बसवण्याचा मूर्खपणा केला नसता, तर पाचाऐवजी सहा विजेतेपदं मिळाली असती. मी बावीस वर्षं शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते. 'मूर्खपणा' हा शब्द मला लागला, म्हणून हे पत्र.

तो सामना मी थेट पाहिला होता. मायामीत १८ जूनची रात्र, आपल्याकडे १९ तारखेची सकाळ. माझी शाळा दुपारची, त्यामुळे शेवटपर्यंत बसता आलं. सात सामन्यांच्या मालिकेतला हा सहावा सामना, स्पर्स ३-२ ने पुढे. २८ सेकंद उरले होते आणि फलक स्पर्सच्या बाजूने ९४-८९ दाखवत होता. करंडक द्यायच्या तयारीत कोर्टभोवती पिवळी दोरी आणली जात होती, मायामीचे प्रेक्षक उठून बाहेर पडत होते. त्याच वेळी पॉपोविच यांनी डंकनला बाहेर घेतलं आणि बोरिस डिऑला आत पाठवलं. हीटच्या लेब्रॉन जेम्सचा थ्री पॉइंटर (बाहेरच्या रेषेपलीकडून मारलेला तीन गुणांचा फटका) चुकला, पण रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत आलेला चेंडू, हीटने मिळवला, चेंडू फिरून लेब्रॉनकडेच आला आणि दुसरा थ्री पॉइंटर आत. ९४-९२. स्पर्सच्या कवाय लेनर्डने दोनपैकी एक फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा एका गुणाचा विनाअडथळा फटका) घातला, ९५-९२. डंकन पुन्हा बाहेर. लेब्रॉनचा फटका पुन्हा चुकला, पुन्हा रिबाउंड हीटकडे, या वेळी ख्रिस बॉशच्या हातात. त्याने चेंडू उजव्या कोपऱ्याकडे दिला. तिथे हीटचा रे ॲलन रिंगकडे पाठ न फिरवता मागे मागे सरकत रेषेबाहेर पोहोचला होता. ५.२ सेकंद उरले असताना त्याचा थ्री पॉइंटर आत, बरोबरी. जादा वेळेत १०३-१०० ने हीट जिंकले, आणि दोन दिवसांनी सातवा सामनाही.

डंकनने त्या रात्री १७ रिबाउंड घेतले होते. त्यामुळे 'तो असता तर बॉशला चेंडू मिळालाच नसता' असं कुणालाही वाटणार.

पण प्रशिक्षकाच्या जागी उभं राहून बघा. पाच गुणांनी मागे असलेल्या संघाला दोन गुणांच्या बास्केटचा फारसा उपयोग नाही, त्याला बाहेरूनच मारायचं आहे. हीटचा सेंटर, म्हणजे एरवी रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, होता बॉश, तोही बाहेर उभा राहून मारणारा. त्याला अडवायला डंकनने रिंग सोडून रेषेपर्यंत यायचं, स्क्रीन लागली (समोरच्या खेळाडूने वाट अडवली) की लेब्रॉनसारख्या माणसामागे धावायचं, तेही ३७ व्या वर्षी. त्यापेक्षा एकमेकांचा माणूस पटकन बदलून घेऊ शकतील असे पाच चपळ खेळाडू ठेवले, तर मोकळा फटका मिळणार नाही. बॉश सेंटरला असताना हीटकडे वेग जास्त होता, हाच पॉपोविच यांचा नंतरचा खुलासा होता. आणि ज्यासाठी हा बदल केला ते काम झालंही. दोन्ही वेळा हीटचा पहिला फटका चुकलाच. घात झाला तो त्यानंतरच्या क्षणात. मैदानातल्या पाचांत बॉशच्या उंचीचा एकही नव्हता, आणि अशा वेळी लागतो तसा घट्ट ब्लॉक आऊट (प्रतिस्पर्ध्याला अंगाने रिंगपासून दूर रोखणं) कुणी केला नाही.

पॉपोविच यांची चूक झालीच नाही, असं माझं म्हणणं नाही. पहिल्या वेळचा बदल मला पटतो, दुसऱ्या वेळचा नाही. जो धोका पत्करला होता तो काही सेकंदांपूर्वी डोळ्यांदेखत खरा ठरला होता. रिबाउंड गेला होता आणि त्यातून तीन गुण गेले होते. आता आघाडी तीनच गुणांची. अशा वेळी एक तर डंकनला परत आणायचं, नाही तर फटका मारण्याआधीच मुद्दाम फाउल करून समोरच्याला दोन फ्री थ्रोंवर अडकवायचं. दोन्ही केलं नाही. एवढ्यावर त्यांना जरूर धरा. मात्र त्याच शेवटच्या अर्ध्या मिनिटात स्पर्सच्याच मनू जिनोबिली आणि लेनर्ड यांचा एकेक फ्री थ्रो चुकला. त्यातला एक जरी गेला असता, तर ॲलनच्या त्या फटक्याने बरोबरी झाली नसती. सातव्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला डंकन मैदानातच होता, रिंगखाली जवळून बरोबरीची संधी त्याला मिळाली आणि चेंडू बाहेर आला. त्याने दोन्ही हात जमिनीवर आपटले, ते दृश्य मी विसरू शकत नाही.

पुढच्याच वर्षी हेच दोन संघ पुन्हा अंतिम मालिकेत होते. १-१ बरोबरी असताना पॉपोविच यांनी तिसऱ्या सामन्यात उंच टियागो स्प्लिटरला बसवून डिऑला पहिल्या पाचात आणलं. तोच डिऑ, आणि उंची सोडून चपळाई घेण्याचा विचारही तोच. स्पर्सने पहिल्या हाफमध्ये ७१ गुण केले आणि मालिका ४-१ ने जिंकली. त्या निर्णयाचा आपल्या वाचकाच्या पत्रात उल्लेखही नाही.

मला हे लागतं, कारण याच फुटपट्टीने आमच्या मुलींचे सामने मोजले जातात. काही वर्षांपूर्वी चौदा वर्षांखालील जिल्हा स्पर्धेत शेवटच्या मिनिटाला एक गुणाने पुढे असताना मी आमची सर्वांत उंच मुलगी बाहेर घेतली. तिचे चार फाउल झाले होते, आणि समोरची गार्ड (चेंडू पुढे नेणारी खेळाडू) फार वेगवान होती. त्या गार्डचा फटका चुकला, रिबाउंड त्यांनाच मिळाला, आम्ही एका गुणाने हरलो. मुलीचे वडील कोर्टावर येऊन सर्वांसमोर ओरडले, "तुम्हाला खेळ कळतो का?" पुढच्या वर्षी तसाच प्रसंग आला, तेव्हा मी तिला बाहेर घेतलंच नाही. खेळ बघून नाही, वडिलांना बघून. तिने पाचवा फाउल केला, बाहेर गेली आणि पायरीवर बसून टॉवेलमध्ये तोंड घालून रडली. मला विचारत होती, "मॅडम, मला आधी का नाही काढलं?" तिला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आपल्याकडे आंतरशालेय सामन्यांच्या बातम्या नियमित छापून येतात, त्याबद्दल आभार. त्यात 'प्रशिक्षकांचा निर्णय अंगलट' अशी ओळ टाकण्याआधी वार्ताहरांनी त्या प्रशिक्षकाला एक प्रश्न जरूर विचारावा: कुणाला थांबवायला हा बदल केला होता? उत्तर पटलं नाही तर तसं लिहा, पण ते उत्तरही छापा.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका, सांगली