उताऱ्याआधीच्या दोन ओळींसाठी

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला पोस्टाने पाठवते आहेच, पण सगळ्यांना वाचता येईल असं इथेही ठेवते आहे. तुमचं नाव लिहीत नाही. प्रबंधाच्या ऋणनिर्देशातसुद्धा ते एका ओळीपेक्षा जास्त नको, असं तुम्ही बजावलं होतं आणि ते मी पाळलं. मात्र तुम्ही जे शिकवलंत ते माझ्यापुरतं राहू नये, असं फार वाटतं. दुसऱ्याचं वाक्य आपल्या लेखनात कसं आणायचं, हे आपल्याकडे सहसा कुणी बसवून शिकवत नाही. तळटीप कुठे द्यायची, संदर्भसूची कशी लावायची, एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत उतारा 40 शब्दांचा झाला की वेगळा परिच्छेद करायचा, एमएलए या दुसऱ्या पद्धतीत गद्य चार ओळींच्या पुढे गेलं की करायचा, एवढं पाठ करून घेतात. त्या उताऱ्याच्या आधीच्या दोन ओळींत काय असायला हवं, हे मला तुमच्याकडे कळलं.

तुम्ही माझ्या मार्गदर्शक नव्हतात. निवृत्त होऊन तुम्हाला बरीच वर्षं झाली होती आणि माझी काही जबाबदारी तुमच्यावर नव्हती. तरी एकेक प्रकरण कागदावर मागवून घेतलंत, कारण पडद्यावर तुम्हाला वाचायला आवडत नाही. परत आलेल्या पानांवर पेन्सिलीने दोनच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेले असत. उताऱ्याच्या डोक्यावर ‘कोण?’ आणि उतारा संपला की ‘मग?’. माझं सगळं शिक्षण त्या दोन शब्दांत झालं, असं म्हटलं तर ते तुमच्या माघारीही खरंच राहील.

जोतीराव फुल्यांचा उतारा घेते, कारण तुम्ही सगळ्यात जास्त वेळ दिलात तो त्याला. ‘विद्येविना मति गेली’ या ओळी मराठी माणसाला पाठ आहेत. भाषणांत, भिंतींवर, स्मरणिकांच्या पहिल्या पानावर त्या असतात. त्यामुळे त्यांची ओळख करून द्यायची गरजच नाही, असं आम्ही सगळे संशोधक विद्यार्थी धरून चालतो. तुमचं म्हणणं नेमकं उलटं होतं: जी ओळ पाठ आहे तिलाच जास्त ओळख लागते, कारण वाचक ती वाचत नाही, ओळखीची आहे म्हणून पुढे जातो. मग तुम्ही विचारलंत की ही ओळ कुठली, कुणासमोर म्हटलेली? ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 साली लिहून पुरा झाला आणि या ओळी त्याच्या उपोद्घाताच्या अगदी सुरुवातीला आहेत. त्याच उपोद्घातात जोतीराव सांगतात की ग्रंथ जसजसा तयार होत गेला, तसतसा तो त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. म्हणजे हा मजकूर पानावर येता येताच लोकांच्या कानांवर पडत होता.

एवढं कळल्यावर उताऱ्याआधीचं वाक्य बदललं. ‘महात्मा फुले म्हणतात’ हे तीन शब्द गेले आणि त्यांच्या जागी आलं: ‘गावोगावी वाचून दाखवलेल्या या ग्रंथाची सुरुवात जोतीराव ऐकणाऱ्याला धरून ठेवता येईल अशा साखळीने करतात.’ त्याखाली उतारा: ‘विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.’ ओळी त्याच आहेत. पण आता वाचणाऱ्याला त्या ऐकू येतात, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीचा शेवट उचलून का चालते, हेही लक्षात येतं.

इथे बहुतेक जण थांबतात. तुमचा ‘मग?’ इथे असायचा. त्या ‘मग?’मुळे मी उताऱ्याकडे परत गेले, तेव्हा दिसलं की मति, नीति, गति, वित्त या चार गोष्टी ‘गेल्या’ आणि पाचव्या ठिकाणी क्रियापद बदललं. शूद्र ‘गेले’ नाहीत, ‘खचले’. चार ओळी काय गमावलं ते सांगतात, पाचवी माणसांबद्दल बोलते. असूडमध्ये पुढे कर्ज, जमिनीचा सारा, जंगलखातं, पाटबंधारे यांची जी बारीक चिकित्सा आहे, ती या खचण्याची चिकित्सा आहे, असं मला त्या दिवशी वाटलं आणि माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद तिथून उभा राहिला. उताऱ्याने परिच्छेद संपवायचा नाही, या तुमच्या नियमाचं कारण मला तेव्हा पटलं. उताऱ्यातून मला काय दिसलं हे लिहिलं नाही, तर तो परिच्छेद जोतीरावांचा राहतो, माझा होत नाही.

स्रोत नेमका काय आहे हे सांगण्याबद्दल तुम्ही फार कडक होतात, आणि त्याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढचं 1882 चं जोतीरावांचं निवेदन कितीतरी मराठी प्रबंधांत अवतरणचिन्हांत येतं, जणू ती मराठी वाक्यं त्यांनीच लिहिली. मूळ निवेदन इंग्रजीत आहे. आपण घेतो तो कुणीतरी नंतर केलेला अनुवाद. त्या अनुवादातल्या एखाद्या शब्दावर कुणी पानभर विवेचन करावं आणि ते जोतीरावांच्या मराठीचं म्हणून खपावं, हे तुम्हाला सहन होत नसे. ‘मूळ इंग्रजी निवेदनात जोतीराव मांडतात’ असं लिहून पुढे अनुवाद कुणाचा ते नोंदवलं की प्रश्न मिटतो. सात-आठ शब्दांचं काम आहे, पण ते नसलं तर वाचकाची फसवणूक होते. लोकहितवादींचंही तसंच. शतपत्रं 1848 ते 1850 या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रं म्हणून येत होती, त्यांचा रोख बहुतांशी स्वतःच्याच ब्राह्मण समाजाकडे होता. हे आधी आलं नाही, तर त्यांचा संताप एखाद्या परक्या टीकाकाराचा वाटतो. तुकोबांच्या अभंगाला नुसता क्रमांक देऊन भागत नाही, कारण गाथेच्या आवृत्तीगणिक क्रमांक बदलतात, हे मात्र मी तुमच्याकडे येण्याआधी ग्रंथालयातच शिकले होते.

क्रियापदांचा तुमचा तो तक्ता मी अजून जपून ठेवला आहे. ‘म्हणतात’ कुठेही चालतं आणि म्हणून कुठेच फारसं काही सांगत नाही. ‘नोंदवतात’ लिहिलं की पुढे वस्तुस्थिती यावी लागते. ‘दावा करतात’ लिहिलं की लेखिकेला ते पटलेलं नाही, असं वाचक समजून चालतो. ‘कबूल करतात’ यात तो माणूस आधी नाकारत होता, हे गृहीत आहे, आणि तसा पुरावा हातात नसेल तर ते क्रियापद वापरणं अन्यायाचं. मराठीत आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजी पुस्तिकांमध्ये सापडणार नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं. उतारा आधी ठेवून ‘असे अमुक म्हणतात’ हे शेवटी आणलं, की लांब उताऱ्यात कोण बोलतंय हे कळेपर्यंत सहा ओळी सरलेल्या असतात. छोट्या वाक्याला ते शोभतं. मोठ्या उताऱ्याला नाव आधीच हवं. आणि दोन-तीनच शब्द घ्यायचे असतील तर ते आपल्या वाक्यात विणून घ्यावेत, विभक्तीचा प्रत्यय अवतरणचिन्हाबाहेर ठेवून: जोतीरावांच्या लेखी ‘अविद्या’ने जे केलं ते ‘अनर्थ’ या एका शब्दात मावतं.

शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या तुम्ही, पण उताऱ्यात शुद्धलेखन करायला सक्त मनाई. साहित्य महामंडळाचे नियम 1962 मध्ये आले आणि 1972 मध्ये त्यांत भर पडली. त्यांप्रमाणे आज आपण मती, नीती, गती असं दीर्घ लिहितो, उच्चार नसलेले अनुस्वार देत नाही. जोतीरावांचा किंवा ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंद्यांचा मजकूर या नियमांच्या आधीचा आहे. वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये तो वेगवेगळा छापला गेला आहे, म्हणून आपण ज्या आवृत्तीतून घेतो तिच्यात आहे तसाच उतरवायचा, काही गाळलं तर तीन टिंबं, काही घातलं तर चौकटी कंस. यावर तुम्ही नाथांची ओवी म्हणून दाखवली होती. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी ताकीद दिली: ‘ज्ञानेश्वरीपाठी । जो ओवी करील मराठी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’ नरोटी म्हणजे करवंटी. मूळ पाठात आपली भर घालू नये, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा संपादक आपल्याकडे सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला. तरी आपण उताऱ्यांची शिस्त परदेशी पुस्तिकांतून आली असं समजतो, याचं तुम्हाला वाईट वाटायचं. आता मलाही वाटतं.

बाई, एक गोष्ट तुम्हाला कळवायची आहे. मी आता महाविद्यालयात शिकवते आणि माझ्याकडे येणारी मुलं दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला भयंकर घाबरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाविना चालतं, एवढाच आकडा त्यांच्यापर्यंत पोचलेला असतो. त्या धास्तीने मुलं मूळ उतारेच मोडतात. जोतीरावांचं वाक्य घ्यायचं, चार शब्द बदलायचे, अवतरणचिन्हं काढायची, टक्का खाली आणायचा. मला हे पाहून रडू येतं. एक तर मूळ लेखकाचं वाक्य बिघडलं, आणि वर त्याचं श्रेयही पुसलं गेलं. त्याच नियमांत रीतसर श्रेय देऊन घेतलेला उतारा साम्याच्या मोजणीतून वगळायला सांगितलं आहे, हे मी प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच तासाला नियम उघडून दाखवते. मग तुमची पद्धत सांगते: अवतरणचिन्हं निर्भयपणे लावा, आधी ‘कोण?’चं उत्तर द्या, नंतर ‘मग?’चं.

मागच्या सत्रात एका विद्यार्थ्याने ऊसतोड कामगारांच्या मुलाखतींवर निबंध लिहिला. छापील उताऱ्यांसाठी तुम्ही शिकवलेलं त्याने त्या बायकांच्या बोलण्याला लावलं. प्रत्येक उताऱ्याआधी ती बाई कुठल्या तालुक्यातून आली, कितवा हंगाम, बोलणं कुठे झालं, उसाच्या फडात की राहत्या कोपीवर, मुकादम जवळ होता की नव्हता. मुकादम समोर असताना दिलेलं उत्तर आणि तो गेल्यावर दिलेलं उत्तर त्याने शेजारी शेजारी ठेवलं आणि दोन्हींच्या आधी ते सांगितलं. बाकी काही न म्हणताच त्याचा मुद्दा सिद्ध झाला. तुम्ही हे वाचायला हवं, म्हणून त्याच्या परवानगीने त्या निबंधाची प्रत सोबत जोडते आहे. कागदावरच, मोठ्या टायपात.

एक विनंती आहे. तुमच्या खुणा असलेली माझ्या दुसऱ्या प्रकरणाची पानं मला वर्गासाठी झेरॉक्स करायची आहेत. तुमचं अक्षर त्यांवर आहे, म्हणून विचारल्याशिवाय करणार नाही. होकार असेल तर ताईंकडून फोनवर कळवलंत तरी चालेल. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला येईन तेव्हा तिसऱ्या प्रकरणावरून झालेला लेख घेऊन येते. त्यात ताराबाईंचा एक मोठा उतारा आहे आणि त्याच्या आधीच्या ओळी मला अजून पुरेशा नेमक्या वाटत नाहीत. पेन्सिल तुम्हीच काढा.

तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी