डेव्हिड ॲटनबरो : न्यूट, दात आणि चावीचा कॅमेरा

प्रिय मंदार,

स. न.

ॲटनबरोला, म्हणजे त्या निसर्गपटवाल्या इंग्रजाला, म्हणे पहिल्यापासून टीव्हीवरच यायचं होतं. कोण सांगतं रे तुला हे? तो पडद्यावर आला तो आजारी माणसाच्या बदली!

जन्म 1926 चा. वडील इंग्लंडातल्या लेस्टर शहराच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य, म्हणून हा वाढला कॉलेजच्या आवारातच. आसपासच्या खडकांत जीवाश्म भरपूर. सायकल काढायची आणि दगड फोडत बसायचं. अकरा वर्षांचा असताना त्याला कळलं, की प्राणिशास्त्र विभागाला न्यूट हवेत, तेही पुष्कळ. (दिसायला पाल, पण जात बेडकाची, उभयचर.) वडिलांमार्फत यानं नगाला 3 पेन्स दर लावला. माल कुठून येतो ते मात्र गुलदस्त्यात, कारण तळं विभागापासून 5 मीटरवरही नव्हतं!

पुढे केंब्रिज, दोन वर्षं नौदल, मग मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांचं संपादन. बीबीसी रेडिओनं अर्ज नाकारला, पण तो टेलिव्हिजनच्या मेरी ॲडम्सबाईंच्या नजरेस पडला. 1952 साली घेतलं ते पडद्यामागे. बाईंच्या मते याचे दात फार मोठे.

आता 'झू क्वेस्ट', म्हणजे दूरदेशी जाऊन प्राणी आणायचे आणि ते टीव्हीवर दाखवायचे, असा बीबीसीचा कार्यक्रम. 1954 साली लंडन झूचे जॅक लेस्टर, कॅमेरामन चार्ल्स लेगस आणि हा निर्माता, असे पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला गेले. लेस्टर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाचे प्रमुख. त्यांना हवा होता पिकाथार्टिस, म्हणजे खडकावर चिखलाचं घरटं लिंपणारा, पिवळ्या टकलाचा पक्षी. बीबीसीत तेव्हा 35 मिमी रुंद फिल्मचा दंडक. 16 मिमी म्हणजे हौशी लोकांचं काम. पण 35 मिमीचं धूड जंगलात नाचवणार कसं? शेवटी 16 मिमीच नेला, चावी देऊन चालणारा. 100 फुटी रीळ 2 मिनिटं 40 सेकंदांत संपतं, म्हणजे प्राणी हलेल या आशेवर बटण दाबून बसायची सोय नाही. आधी नुसतं बघायचं, तो आता काय करणार याचा अंदाज बांधायचा आणि मगच कॅमेरा सुरू करायचा. त्याच्या कामातला तो सबुरीचा गुण इथलाच, असं माझं मत.

परतल्यावर स्टुडिओत थेट प्रक्षेपण: हातात जिवंत प्राणी, मधूनमधून जंगलातली फिल्म. बोलणार लेस्टर. पहिला भाग झाला आणि ते इस्पितळात. जंगलातलं सगळं पाहिलेला, प्राणी हाताळू शकणारा दुसरा कोण? दातांसकट हाच उभा राहिला.

प्रक्षेपण कृष्णधवल असलं तरी चित्रीकरण रंगीत निगेटिव्हवर होतं, चित्र जास्त स्वच्छ येतं म्हणून. ते रंग लोकांनी पाहिले थेट 2016 साली. मिळालं तर आवाज बंद करून बघ एकदा. चित्रीकरण मूकच आहे, आवाज मागाहून जोडलेला.

तुझा,
श्रीधर