भूमिका घेतली, पण मागणी काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोठेही युद्ध पेटले की दोन-तीन दिवसांतच नामवंत कलाकारांच्या आणि खेळाडूंच्या ‘भूमिके’च्या बातम्या सुरू होतात. अमक्या अभिनेत्रीने पोस्ट टाकली, तमका खेळाडू अजून गप्प का, कोणी टाकलेली पोस्ट गुपचूप काढली, यावर रकाने भरतात आणि ज्यांच्या घरावर बॉम्ब पडला ती माणसे शेवटच्या परिच्छेदात कशीबशी मावतात. कलाकाराने राजकारणात पडू नये, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. त्यालाही मत आहे आणि ते मांडण्याचा हक्कही. माझा आक्षेप एवढाच की, तो कोणाकडे आणि नेमके काय मागत आहे, हे ना तो सांगतो, ना आपण त्याला विचारतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अभिनेत्री जेमी ली कर्टिस यांनी इस्रायलला पाठिंबा म्हणून आकाशाकडे भेदरून पाहणाऱ्या मुलांचे छायाचित्र टाकले. ती मुले गाझातील निघाली आणि छायाचित्र काढून टाकावे लागले. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण ती मुले कोण, हे पाहण्याइतकीही उसंत त्या घाईत नव्हती.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकी मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांचे. १९९० मध्ये कुवेत बळकावल्यानंतर इराकने अनेक परदेशी नागरिकांना ओलीस धरले होते. त्या नोव्हेंबरात अली बगदादला गेले, तेव्हा पार्किन्सनच्या आजाराने त्यांना बोलणेही जड जात होते; मुक्काम लांबला, सोबतची औषधे संपली, तरी सद्दाम हुसेन यांची भेट होईपर्यंत ते हलले नाहीत. अमेरिकी सरकारला हा प्रवास रुचला नव्हता आणि सद्दाम यांनी त्या भेटीचा प्रचारासाठी वापर करून घेतला, हेही खरे. पण परतताना अलींसोबत १५ अमेरिकी ओलीस होते. मागणी एका वाक्याची होती आणि ती पुरी करू शकणाऱ्या माणसाच्या समोर बसून केलेली होती.

सुदानमधील दारफूर प्रांतातल्या हत्याकांडाच्या बाबतीत अभिनेत्री मिया फॅरो यांनीही असाच नेम धरला. तेथील छावण्यांतून त्या स्वतः हिंडल्या होत्या. सुदानच्या तेलाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन आणि चीनला बीजिंग ऑलिंपिकची प्रतिष्ठा प्यारी, हे हेरून २००७ मध्ये त्यांनी त्या सोहळ्याचे कला सल्लागार, चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनाच जाहीर जाब विचारला. स्पीलबर्ग यांनी आधी चीनच्या अध्यक्षांना पत्र लिहिले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये ते काम सोडले. दारफूरचे हाल त्याने संपले नाहीत. तरी कळ कोठे दाबायची, हे त्या बाईंना ठाऊक होते.

मागणी असूनही ती हरवते, हे अमेरिकी अभिनेत्री जेन फोंडा यांच्या बाबतीत घडले आणि मला ते प्रकरण सर्वांत बोलके वाटते. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, जुलै १९७२ मध्ये त्या उत्तर व्हिएतनामची राजधानी हनोईला गेल्या, त्यामागे अमेरिकी बॉम्बफेकीने नद्यांचे बांध फुटून पूर येईल, या धोक्याकडे जगाचे लक्ष वेधण्याचा उद्देश होता. मात्र डोक्यावर शिरस्त्राण घालून विमानविरोधी तोफेच्या आसनावर बसलेल्या हसऱ्या फोंडा एवढेच लोकांच्या स्मरणात उरले. १९८८ मध्ये त्यांनी सैनिकांची जाहीर माफी मागितली. बांधांविषयी आज कोणी विचारतही नाही. चूक त्यांचीच, आणि ती त्यांनी कबूलही केली. पण बांध सोडून तोफेचे छायाचित्र वर्षानुवर्षे छापत राहण्याचे काम त्यांनी केले नव्हते, ते वृत्तपत्रांनी केले.

म्हणून आपल्याला विनंती आहे की, अशी बातमी देताना मागणी काय आणि कोणाकडे, एवढी एक ओळ तरी तिच्यात असावी. ती ओळ लिहिता येत नसेल, तर बातमी खुशाल मनोरंजनाच्या पानावर जाऊ द्यावी, परराष्ट्र घडामोडींच्या नको. आणि ‘अमुक अजून गप्प का’ ही बातमी कोणत्याच पानावर नको.

आपला,
एक नियमित वाचक