कोयत्यातल्या बाईचं नाव कागदावर येऊ द्या

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि काही पोरं तेवढी मागे उरतात. बाकीची माणसं टोळीबरोबर ऊसतोडीसाठी साखर कारखान्याला जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूरला, कोणी थेट कर्नाटकात. मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या आया ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने राबणाऱ्या या बाईचं नाव कामाच्या एकाही कागदावर नसतं. हे पत्र तेवढ्याचसाठी आहे.

नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता धरतात, हे आपल्याला माहीत असेलच. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देताना टोळी जमवणारा मुकादम स्टॅम्पवर सही नवऱ्याची घेतो, पैसे त्याच्याच हातात पडतात आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावर हिशेबही त्याच्याशीच होतो. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, फडात तोडलेला ऊस गोळा करून मोळ्या बांधते आणि ट्रक भरताना त्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. ट्रक रात्री आला तर रात्री चढते. पोटुशी असली तरी फळी चुकत नाही. पाळीच्या दुखण्यानं एक दिवस खोपीत पडून राहिली तर खाडा लागतो, म्हणजे दंड बसतो, आणि तो उचलीच्या फेडीत वळता होतो. म्हणजे मजुरीच्या हिशेबात जिचं नाव नाही, तिच्या आजारपणाचा दंड मात्र नीट लिहून ठेवलेला असतो.

२०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. पुढे खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं सक्तीचं झालं. ते योग्यच झालं. पण पाळीच नको म्हणून बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत नेणारा खाडा, फडात नसलेला संडास, न्हाणीसाठी नसलेला आडोसा, यातलं काय बदललं?

प्रसूती लाभाची तरतूद, जी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, सांगते की, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या बाईला पगारी रजा मिळाली पाहिजे. आमच्या बाया ८० दिवस एकाच हंगामात भरून काढतात. पण मागायचं कोणाकडे? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम नवऱ्याची सही पुढे करतो.

याच उसासाठी शेतकऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार त्याचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज लागतं, आणि थकबाकी ठेवणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना साखर आयुक्त अडवून धरू शकतात. माझ्या माहेरीही ऊस आहे, शेतकऱ्याच्या त्या हक्काबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तोच ऊस तोडणाऱ्या बाईला मजुरी किती दिवसांत मिळावी आणि कोणाच्या नावावर, हे मात्र कारखान्याला कोणी विचारत नाही.

तुमच्या कार्यालयातून उत्तर येईल की, ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे महामंडळ आहे आणि ते सामाजिक न्याय विभागाकडे आहे. महामंडळानं वसतिगृहं काढावीत, ओळखपत्रं द्यावीत, विमा उतरवावा. त्याची गरज आहेच. पण मजुरी, रजा आणि कामावरची सुरक्षा हे कामगार खात्याचं काम आहे, ते कल्याण योजनांवर ढकलता येणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळेल असं सरकारनं तेव्हा जाहीर केलं. त्या ‘प्रत्येक’मध्ये ऊसतोड करणारी बाई आहे की नाही, हे आपण लेखी सांगावं.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. येत्या हंगामाआधी साखर आयुक्तालयाशी बोलून गाळप परवान्याला अट घाला: कारखान्याच्या तोडणीच्या नोंदीत कोयत्यामागे दोन नावं असतील, दोघांची मजुरी दोन वेगवेगळ्या खात्यांत जाईल, आणि आजारपण, पाळी किंवा बाळंतपणासाठी खाडा कापणाऱ्या मुकादमाची टोळी कारखाना घेणार नाही. आपले निरीक्षक कारखान्याच्या गेटवर थांबतात, त्यांना फडापर्यंत पाठवा. दोन हंगामांत कोणत्या कारखान्यानं किती बायांची नावं नोंदवली, ती यादी जाहीर करा.

उत्तराची वाट पाहते. आमच्याकडच्या टोळ्या ऑक्टोबरच्या अखेरीस निघायला लागतात, त्याआधी आदेश निघाला तरच यंदा उपयोग होईल.

आपली,
धारूर तालुक्यातील एक शिक्षिका