पैसे भरण्याआधी हॉट लॅब दाखवा म्हणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आपल्या अंकासोबत प्रवेशाची पुरवणी येते. यंदाच्या पुरवणीत एक चौकट होती : ‘न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी. नीटशिवाय मेडिकल करिअर, नोकरीची शंभर टक्के हमी.’ ती वाचून हे पत्र लिहायला बसलो. अशाच एका चौकटीपायी माझ्या भाचीची दोन वर्षं गेली. ती चौकट कापून मीच तिच्या हातात ठेवली होती, त्यामुळं या तक्रारीतला निम्मा वाटा माझा.

मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. अर्धायुकालाची, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ निम्मा व्हायला किती वेळ लागतो याची, गणितं फळ्यावर किती वेळा सोडवली याला हिशेब नाही. भाची राधानगरी तालुक्यातली, घरी म्हशी, सोसायटीला दूध घालणारं कुटुंब. नीटला गुण कमी पडले. बाहेरगावच्या त्या संस्थेच्या माहितीपत्रकावर मोठ्या स्कॅनरचा फोटो होता. मी कार्यालयात विचारलं, मान्यता आहे का? ‘विद्यापीठाची आहे की सर,’ म्हणाले. ते खोटं नव्हतं. माझा प्रश्नच अपुरा होता.

एक्स-रे आणि न्यूक्लिअर मेडिसिन यांतला फरक मला पुस्तकात माहीत होता, पण प्रवेशाच्या गडबडीत तो आठवला नाही. एक्स-रेचं यंत्र बंद केलं की किरण थांबतात. इथं किरणोत्सारी औषध सुईनं पेशंटच्या अंगात जातं, मग किरण पेशंटमधूनच बाहेर येतात आणि कॅमेरा ते टिपतो. याला बटण नाही. कुपीतून औषध ओढणं, मोजणं, टोचणं, पेशंटला कुठं बसवायचं, तो किती वेळा लघवीला गेला, सांडलं तर आधी काय करायचं, ही सगळी हाताची कामं. ती शिकायची जागा म्हणजे हॉट लॅब. त्या संस्थेत ‘हॉट लॅब’ अशी पाटी असलेली खोली होती. आत एक बेसिन आणि कपाटात शिशाच्या चार विटा. ‘मामा, मी आत जाऊन बघून आलो, तिथं काय बी न्हाई,’ असा तिचा फोन आला, तोवर चौथं सेमिस्टर सुरू झालं होतं. सरांनी सांगितलं होतं, ‘प्रॅक्टिकल नोकरीत शिकाल.’

इथंच खरी फसगत आहे. रुग्णालयाचा न्यूक्लिअर मेडिसिन विभाग अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या परवानगीशिवाय चालत नाही, आणि तिथं काम करणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टची पात्रता काय असावी हेही तेच मंडळ ठरवतं. म्हणजे पदवीवर विद्यापीठाचा शिक्का असला तरी किरणोत्सारी कुपी हातात द्यायची की नाही, हा निर्णय वेगळ्या दारात होतो. ते दार 1983 पासून मुंबईत आहे आणि मी 1983 नंतरच शिक्षक झालो, तरी मला हे ठाऊक नव्हतं! परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर तर 1963 सालचं. या क्षेत्राचं शिक्षण देणारी ती देशातली जुनी जागा, पण आमच्याकडच्या पोरांच्या कानावर तिचं नाव जात नाही. चौकटी मात्र घरोघर पोचतात. 2021 च्या केंद्रीय कायद्यानं न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्टला आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत बसवलं आहे. चांगलं झालं. यादीमुळं पाटीमागच्या खोलीत यंत्र येत नाही, एवढंच.

भाचीनं तिथलं सोडलं आणि मुंबईत रुग्णालयाला जोडलेल्या दुसऱ्या अभ्यासक्रमाला पहिल्या वर्षापासून पुन्हा सुरुवात केली. दिवाळीत आली तेव्हा मी तिला आणि मेहुण्यांना घेऊन गंगावेशीत दूध प्यायला गेलो. समोर म्हैस, धार पितळी भांड्यात, फेस तसाच. ती हसायला लागली. म्हणाली, ‘आमच्या लॅबमध्ये बी सकाळी धार काढत्यात.’ शिशाच्या जाड आवरणात एक छोटा स्तंभ असतो, त्यावर मॉलिब्डेनम-99 हा किरणोत्सारी पदार्थ धरलेला. तो क्षय पावून टेक्नेशियम-99एम तयार होतं, पेशंटच्या औषधात लागतं ते हेच. वरून सलाईन सोडलं की टेक्नेशियम तेवढं खालच्या कुपीत उतरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत भरलेलं. या उपकरणाचं नाव जनरेटर, पण त्याला जगभर गायच म्हणतात. मेहुणे म्हणाले, ‘कोल्हापुरात केलं असतं तर म्हैस म्हणाले असते.’ मॉलिब्डेनमचा अर्धायुकाल 66 तास, म्हणून गाय आठवडाभर पुरते. टेक्नेशियमचा 6 तास. मेहुण्यांनी लगेच हिशेब केला : ‘म्हंजे सकाळी काढायचं आन् सांजच्याला नासलं.’ मला तीस वर्षांत इतकं सोपं सांगता आलं नाही.

पण दुधात पाणी आहे का, हे जसं बघतात तसं इथंही बघावं लागतं. धारेबरोबर थोडं मॉलिब्डेनम घसरून आलं तर पेशंटला विनाकारण किरणांची जास्तीची मात्रा बसते. म्हणून कुपी जाड शिशाच्या डबीत ठेवून मोजतात. टेक्नेशियमचे 140 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे किरण शिशात अडकतात, मॉलिब्डेनमचे 740 चे पार होतात. डबीबाहेर जास्त आकडा दिसला की ती धार वापरायची नाही. ही चाचणी भाची रोज सकाळी करते. त्याआधी तिला कित्येक दिवस साध्या सलाईनवर सिरिंज भरायला लावली होती, घड्याळ लावून. हात जितका लवकर चालेल तितके किरण कमी लागतात, आणि अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाईवर येते, म्हणून कुपी चिमट्यानं उचलायची. फोटोवरून हे कसं शिकणार?

पेटस्कॅनसाठी टोचतात ते किरणोत्सारी फ्लोरिन-18 त्याहून उतावळं, अर्धायुकाल 110 मिनिटं. पुण्यातून ते घेऊन निघालेली गाडी पावणेचार तासांत इथं पोचली असं धरा : शंभरातले चोवीस उरले. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या खोळंब्यात आणखी एक तास गेला, तर सतरा. हे गणित मी परीक्षेत घालायला हवं होतं.

नात्यातल्या बायकांचा प्रश्न वेगळाच. ‘किरणं लागत्यात म्हणं, पोरीला स्थळं कशी यायची?’ तिच्या छातीवर किरणांची मात्रा नोंदवणारा बिल्ला असतो, तो ठरावीक मुदतीनं तपासायला जातो. कामगाराला पाच वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट (हे मात्रेचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात 30, ही कमाल मर्यादा. जमीन, हवा, अन्न, अवकाश यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी 2.4 च्या आसपास मिळतातच. भाचीच्या बिल्ल्याचा आकडा आजवर त्या मर्यादेच्या जवळपासही गेलेला नाही. तो मी बहिणीच्या जावांना कागदावर लिहून दाखवला. त्यांचं समाधान झालं नाही, ते सोडा.

आता विनंती. अशी जाहिरात घेताना आपल्या जाहिरात विभागानं दोन गोष्टी विचाराव्यात : विद्यार्थी कुठल्या रुग्णालयाच्या विभागात शिकणार, आणि त्या विभागाला एईआरबीचा परवाना आहे का. उत्तर चौकटीतच छापावं. जाहिरात थोडी महाग पडेल, पडू दे. आणि पालकांनी फी भरण्याआधी हॉट लॅब दाखवा म्हणावं. गाय कधी आली, आज सकाळी धार कुणी काढली, असं विचारावं. विभाग खरा असेल तर नोंदवही निघते, कारण प्रत्येक कुपीची नोंद ठेवावीच लागते. ‘साहेब रजेवर आहेत’ असं ऐकू आलं तर परतीची एसटी पकडावी.

माझं नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो कृपया छापू नये. भाचीची परीक्षा तोंडावर आली आहे. तिची बारावीची मूळ गुणपत्रिका अजून त्या जुन्या संस्थेच्या कपाटात आहे. दुसरा प्रवेश बोर्डाच्या दुय्यम प्रतीवर घ्यावा लागला. मूळ प्रत मागायला मी पुढच्या सोमवारी चौथ्यांदा जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
शिवाजी पेठ, कोल्हापूर